हाताने बांधलेल्या भेटवह्या : बारापैकी सात झाल्या

घरच्या आणि मैत्रीतल्या बारा जणांना या वर्षी हाताने बांधलेली एकेक वही द्यायची, असं मी ठरवलंय. काल रात्री सातवी वही दाबाखालून काढली. पहिल्या तीन झाल्या तेव्हा त्या मनासारख्या उतरल्या नव्हत्या. त्या का बिघडल्या हे आता नीट कळलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्या तिन्ही वह्या ए5 मापाच्या होत्या. ए4 कागद मधोमध दुमडायचा, चार-चार कागद एकात एक घालून त्यांचं एकेक जुज, म्हणजे शिवायचा गठ्ठा, करायचं आणि शिवायचं. शिवण चांगली जमली होती. पण वही मिटली की पानं पंख्यासारखी उभी राहायची, आणि घडी खरखरीत, ठिकठिकाणी तडकलेली दिसायची. कितीही वजन ठेवलं तरी फरक पडेना. दोष माझ्या हातात नव्हता, कागदाच्या तंतूंच्या दिशेत होता. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती मऊ, सपाट बसते. आडवी घातली तर कागद विरोध करतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ए4 कागदात तंतू लांब बाजूला, म्हणजे 297 मिलिमीटरच्या बाजूला समांतर असतात. तो अर्धा दुमडला की घडी नेमकी तंतूंना आडवी येते.

उपाय सोपा निघाला. कागद आधी दुमडायचा नाही, कापायचा. ए4 चे मधोमध दोन ए5 तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा दुमडायचा. मग तंतू घडीला समांतर येतात आणि ए6 मापाची, 105 बाय 148 मिलिमीटरची वही होते. दहा ए4 कागदांतून वीस तुकडे, त्यांची पाच जुजं, एकूण 80 पृष्ठं. चौथी वही अशी बांधली आणि ती मिटून टेबलावर ठेवली तर पान हललं नाही. किती तरी वेळ मी ती नुसती उघडत-मिटत बसले होते.

कागदाची दिशा ओळखायला एक पट्टी कापून एका बाजूने ओली करा. ती गुंडाळी व्हायला लागते. त्या नळीची लांबी ज्या दिशेला, तीच तंतूंची दिशा. पुठ्ठ्यालाही हाच नियम. पुठ्ठ्याचे तंतूही कण्याला, म्हणजे वहीच्या शिवलेल्या बाजूला, समांतर हवेत, नाहीतर वाळल्यावर मुखपृष्ठ वाकतं.

पुठ्ठ्यावरून आठवलं. पाचव्या वहीच्या वेळी जुन्या रायटिंग पॅडांचे पुठ्ठे संपले. खोक्यांचा नालीदार पुठ्ठा दाबाखाली चेपतो, तो नकोच. मग एका बाजूने छापलेले रद्दी कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठा केला. साधा 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा, कागद जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतो, म्हणून 2 मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला वीस कागद लागले. ही युक्ती फार जुनी आहे. 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जी प्राचीन हस्तलिखितं सापडली, त्यांच्या चामडी वेष्टनांना ताठपणा यावा म्हणून आत वापरलेल्या पपायरसचे तुकडे भरलेले होते, त्यांत पत्रं होती, हिशेब होते. माझ्या पुठ्ठ्यातही जुनी बिलं आणि भाचीच्या गणिताचे कच्चे कागद आहेत, आणि मला ते फार आवडलंय.

शिवण कॉप्टिक पद्धतीची ठेवलीय, म्हणजे कण्यावर काही चिकटवायचं नाही, टाके उघडे दिसतात आणि वही कुठल्याही पानावर पूर्ण सपाट उघडते. ही निवड डावखुऱ्या मैत्रिणीमुळे झाली. बांधीव वहीत मधला फुगवटा तिच्या तळहाताखाली येतो, म्हणून ती उजवी पानं कोरीच सोडून देते, हे मी कितीदा पाहिलंय. तिच्या वहीत तसं व्हायला नको होतं. वरखाली 12 मिलिमीटर सोडून चार भोकं, सगळ्या जुजांना एकाच कागदी पट्टीवरून खुणा, आणि दाभण नेहमी घडीच्या आतून बाहेर. दोरा मुखपृष्ठांसकट सव्वा ते दीड मीटर पुरतो. मेण लावलेलाच घ्या. मधमाश्यांचं मेण मिळालं तर उत्तम, मेणबत्तीचं मेण कणाकणाने सुटतं. टाका आवळताना दोरा कण्याला समांतर ओढायचा. स्वतःकडे ओढलात तर भोक फाटून लांबट होतं.

आता कापड. यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. भावाच्या वहीला वडिलांच्या जुन्या निळ्या चौकडीच्या शर्टाचं कापड लावायचं होतं. कापड विरलेलं, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेलं. थेट पांढरा गोंद लावून पुठ्ठ्यावर ताणलं आणि दहा मिनिटांत कोपऱ्यापासून गडद डाग वर आले. गोंद विणीतून पार झाला होता. तो तुकडा गेला. शर्ट एकच, पाठीकडचं कापड तेवढं उरलेलं.

दुसऱ्या वेळी आधी बाहीच्या तुकड्यावर करून पाहिलं. कापड ओलं करून काचेवर उलटं पसरायचं, हाताने चौकडीच्या रेघा सरळ करून घ्यायच्या. एका पातळ कागदाला मैद्याची खळ लावून तो कापडावर बसवायचा आणि मधून कडेकडे हलक्या हाताने हवा काढायची. पूर्ण वाळल्यावर काचेवरून सोलून निघतं ते कापडच, पण मागून कागदाचं. मग गोंद वर येत नाही, कड विसकटत नाही, चौकडी तिरकी होत नाही. खळीला एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायची. ती हळू वाळते म्हणून कापड सरकवायला वेळ मिळतो. दोन दिवसांत मात्र आंबते.

शर्टाचा खिसा उसवून मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावलाय, चिठ्ठ्या ठेवायला. भावाने तो खिसा ओळखला. काही बोलला नाही, बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिला.

सहावी वही बाकलीच. पुठ्ठा तीन तासांत दाबाखालून काढला होता. आता अस्तराचा, म्हणजे पुठ्ठ्याची आतली बाजू झाकणारा, कागद लावला की रात्रभर हात लावत नाही.

सातवी मावशीची. तिला हल्ली बारीक ओळी दिसत नाहीत, म्हणून 12 मिलिमीटर अंतरावर पेन्सिलने रेघा मारल्या. पृष्ठाला अकरा, 80 पृष्ठांना 880. तीन संध्याकाळी लागल्या, त्यात एकही रेघ मला जड वाटली नाही.

उरलेल्या पाचांपैकी पहिली भाचीची. तिला चित्रांसाठी मोठी, बिनरेघांची हवीय. ए5 वही करायची तर लांब बाजूला समांतर तंतू असलेले ए3 कागद घेऊन अर्धे कापायचे, म्हणजे तंतू पुन्हा घडीला समांतर येतात. कागद कापून ठेवलेत, पुठ्ठे वजनाखाली आहेत. उद्या सकाळी भोकं पाडायला बसते.