बसचालकाची भरती: स्टिअरिंग हातात येतं ते शेवटी

मी आधी मालवाहू ट्रक चालवायचे. अवजड वाहनाचा परवाना होता, हात बसलेला होता. सार्वजनिक बससेवेत चालकांची भरती निघाली, तेव्हा अर्ज केला. ट्रक सोडून बसकडे वळायचा विचार असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अर्ज किचकट नव्हता, पण बारकाईने वाचला जातो. आधीच्या प्रत्येक नोकरीची तारीख, सोडण्याचं कारण, वाहतूक गुन्हे, अपघात, सगळं विचारतात. मधल्या काळात काम नसेल तर ‘घरी होते’ असं सरळ लिहावं. रिकामी जागा ठेवली की चौकशी होतेच. लेखी परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रस्त्याची चिन्हं, नियम, थोडं गणित आणि वेळापत्रक वाचणं.

खरी गंमत मुलाखतीत. गाडी कशी चालवता, याबद्दल जवळजवळ काहीच विचारलं नाही. ‘गाडी उशिरा धावतेय, थांब्यावर व्हीलचेअरवरचे प्रवासी आहेत, रॅम्प काढावा लागेल. काय कराल?’ ‘भाड्यावरून प्रवासी हुज्जत घालतोय, मागचे लोक ओरडतायत. मग?’ ट्रकमध्ये माल कधी भांडत नाही, त्यामुळे हे प्रश्न मला नवे होते. पण थोड्याच वेळात त्यांना काय हवंय ते कळलं. आधी सुरक्षितता, मग प्रवासी, मग वेळापत्रक, आणि हा क्रम दबावाखालीही बदलायला नको. रॅम्प काढायचा, चेअर नीट बांधली गेली याची खात्री करायची, नियंत्रण कक्षाला उशीर कळवायचा. गेलेला वेळ वेग वाढवून भरून काढायचा नाही. भाड्याचा नियम एकदा शांतपणे सांगायचा, वाद वाढवायचा नाही. चटपटीत उत्तरं देणाऱ्यांपेक्षा ‘मी कळवीन आणि थांबेन’ म्हणणारा माणूस त्यांना जास्त हवा असतो, असं माझं मत झालं.

वैद्यकीय तपासणीत नजर, कान, रक्तदाब, साखर, अमली पदार्थांसाठी लघवी. रंग ओळखायला इशिहारा चाचणी, म्हणजे रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायचा. शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांचीच ही पद्धत. झोपेबद्दलही खोदून विचारलं: घोरता का, दिवसा डुलकी लागते का? झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असेल तर माणूस दिवसा स्टिअरिंगवरही पेंगू शकतो, म्हणून. माझा रक्तदाब पहिल्यांदा जास्त आला. जरा वेळ बसवून पुन्हा मोजला तेव्हा ठीक निघाला. धावतपळत जाऊ नका, एवढंच.

मग एकदाची बस. पण तीही लगेच सुरू करायची नव्हती. आधी भोवती फेरी: टायर, दिवे, दारं, संकटकालीन मार्ग, हवेचा दाब. एअर ब्रेकमध्ये दाब फार खाली गेला की स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो, हे ट्रकमुळे पाठ होतं. वळणं मात्र नव्याने शिकावी लागली. बऱ्याच बसमध्ये चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो. त्यामुळे आपण चौकात बरेच पुढे गेलोय असं वाटलं तरी चाकं अजून मागेच असतात. शिवाय मागच्या चाकांमागचा लांब भाग वळताना उलट दिशेला बाहेर झुकतो. आरशात पुढची कड बघाल तितकीच ती शेपटीही बघायची.

परीक्षक सीटवर बसले नाहीत. मधल्या वाटेत दांडी धरून उभे राहिले. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, १२ मीटरच्या बसची जवळजवळ अख्खी लांबी. ब्रेक उशिरा लावला तर तो जोरात लावावा लागतो, आणि उभ्या माणसाला ते लगेच कळतं. म्हणून लांबूनच वेग सोडत गेले. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहीत राहिले.

सगळ्यात जड गेलं ते मधलं थांबणं. प्रत्येक टप्प्यानंतर शांतता. या काळात जुनी नोकरी सोडू नका. नेमणूकपत्र हातात येईपर्यंत यादीतलं नाव म्हणजे फक्त नाव. फोन आणि ईमेल रोज बघा, कारण बोलावणं आलं की मुदत थोडी असते.

रुजू होण्याआधी ड्युट्यांबद्दल विचारून घ्या. आमच्याकडे त्या ज्येष्ठतेने निवडतात, म्हणून नव्यांच्या वाट्याला उरलेल्या येतात: पहाटेच्या, सुट्टीच्या दिवसांच्या, किंवा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशा तुटक. मी सध्या राखीव यादीत आहे. कोणी आजारी पडलं की त्याची ड्युटी माझी.