मास्क सैल झाला म्हणून

रेडिएशनच्या टेक्निशियनचा फोन आला, "मॅडम, मास्क सैल पडतोय. पेशंटला तुमच्याकडे पाठवतोय."

ठाण्यात कॅन्सरच्या पेशंटचा आहार बघते मी. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन देताना चेहऱ्यावर जाळीदार प्लास्टिकचा मास्क घट्ट बसवतात, मान तसूभरही हलू नये म्हणून. वजन उतरलं की गाल आत जातात, मास्क हलतो. मग पुन्हा सीटी स्कॅन, नवा मास्क, नवं प्लॅनिंग. तेवढे दिवस उपचार थांबतात आणि या आजारात असा खंड महागात पडतो.

काका कळव्याचे, नाकातून पोटात अन्नाची नळी. वजन ५० वरून ४४. काकूंच्या पिशवीत दोन बाटल्या: नारळपाणी आणि डाळीच्या वरचं पाणी. बाटली उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसत होती. दूध, भात, साखर सगळं बंद. "साखरेवर कॅन्सर पोसतो म्हणतात ना?"

कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे ऑटो वॉरबर्गने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण साखर-भात तोडला तरी शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं. गाठीचं काही अडत नाही, माणूस मात्र झिजतो. असे मेसेज फॉरवर्ड करणारे एवढं लिहीत नाहीत. आमचे डॉक्टरही "हलकं, पौष्टिक द्या" म्हणून मोकळे होतात.

काकांना दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६०-७० ग्रॅम प्रथिनं हवीत. घट्ट पेज नळीत अडकते आणि पाणी घालून पातळ केली तर पोट भरतं, पोषण होत नाही. त्यावर माझा आवडता उपाय: मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ गरम पेजेत ढवळायचं. मोडातलं एन्झाइम स्टार्च तोडतं, बघता बघता पेज सैल होते. मग एक उकळी, दूध, डाळ्याचं पीठ, चमचाभर तेल, मिक्सर, गाळणी. दर दोन तासांनी २०० मिली, बसवून, आणि नंतर पाण्याने नळी धुवायची. काकूंनी सगळं वहीत उतरवलं, गाळणीचं भोक केवढं तेही विचारलं.

पुढच्या आठवड्यात वजन ४४ वरच होतं, घसरण थांबली होती. नवा मास्क नीट बसला.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं कुणी?" काकूंनी विचारलं. रेडिएशनची तारीख देतानाच पेशंटला माझ्याकडे पाठवा, हे मी मीटिंगमध्ये कितीदा मांडलंय. परवा पुन्हा लेखी दिलंय.