जमीलाच्या वाट्याचे पाणी

रविवार, रात्र

‘अल्ट्रामॅन’ या जपानी मालिकेचा तेविसावा भाग आज पुन्हा पाहिला, आणि तो संपल्यावर दुसरे काही पाहण्याची इच्छाच उरली नाही. ‘माझी जन्मभूमी पृथ्वी’ असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. १८ डिसेंबर १९६६ रोजी, रविवारी संध्याकाळी, टीबीएस वाहिनीवरून तो प्रथम दाखवला गेला. त्सुबुराया प्रॉडक्शन्सने लहान मुलांसाठी काढलेल्या या मालिकेत दर आठवड्याला एखादा राक्षसी प्राणी येतो, विज्ञान विशेष पथक त्याच्याशी झुंजते आणि अखेरीस रुपेरी, महाकाय अल्ट्रामॅन त्याचा निकाल लावतो. लेखक मामोरू सासाकी आणि दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी यांनी या भागात तो क्रम तसाच ठेवला आहे. फक्त ज्याला मारायचे तो प्राणी माणूस आहे.

जपानमध्ये आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरणार असते आणि तिकडे निघालेल्या प्रतिनिधींची वाहने एकामागून एक नष्ट होऊ लागतात. हल्ला करणारे यान डोळ्यांना दिसत नाही. पथकातील इदे हा यंत्रे जुळवण्यात रमणारा, एरवी सगळ्यांना हसवणारा तरुण, वेगवेगळ्या रंगांच्या किरणांच्या साहाय्याने ते यान दृश्य करण्याची युक्ती शोधतो आणि ती यशस्वीही होते. यान कोसळते, त्यातून भेगाळलेल्या कातडीचा, मानच नसलेला, डोके थेट खांद्यांत रुतलेला एक प्राणी बाहेर पडतो. तेव्हा पॅरिसहून आलेला अॅलन नावाचा अधिकारी सांगतो की हा जमीला आहे, आणि जमीला हा अंतराळवीर होता. अवकाश जिंकण्याच्या चढाओढीत एका देशाने त्याला पाठवले, यान भरकटून पाण्याचा थेंबही नसलेल्या ग्रहावर उतरले, आणि विज्ञानासाठी माणसाचा बळी दिल्याचे जगाला कळू नये म्हणून त्या देशाने ही गोष्ट दडवून ठेवली. शोधायला कोणी गेलेच नाही. त्या ग्रहावर तगून राहता राहता जमीलाचे शरीर बदलत गेले, आणि मोडके यान दुरुस्त करून तो परतला तो सूड घेण्यासाठीच.

पॅरिसच्या मुख्यालयाचा आदेश याहून भयंकर आहे. जमीलाची ओळख उघड करायची नाही, अवकाशातून आलेला एक प्राणी म्हणून त्याला गुपचूप संपवायचे. शांतता परिषद यशस्वी होण्याचा तेवढा एकच मार्ग आहे. हे ऐकताच इदे शस्त्र टाकून देतो आणि आपण लढणार नाही असे ठणकावतो, कारण आपल्यावरही जमीलासारखी वेळ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. मासानारी निहेई या नटाने हा प्रसंग ज्या कळवळ्याने केला आहे, त्यात मुलांच्या कार्यक्रमासाठी काही सौम्य करून सांगावे असा विचार कुठेही दिसत नाही. ज्याच्या बुद्धीमुळे जमीला सापडला, त्याच्याच तोंडी हा नकार आहे, ही सासाकींच्या लेखणीची करामत मला फार मोलाची वाटते.

तरीही जमीलाला निरपराध ठरवण्याचा मोह सासाकी आणि जिस्सोजी या दोघांनी टाळला आहे. तो एक गाव जाळतो. आपली कबुतरे सोडवण्यासाठी एक मुलगा जळत्या घराकडे धावतो, इदे त्याला वाचवतो आणि मग जमीलाकडे वळून ओरडतो की तुझ्यातले माणसाचे काळीज मेले का. जमीला थबकतो आणि आपण पेटवलेल्या गावाकडे बघत उभा राहतो. त्या मुखवट्यावर एकही रेषा हलत नाही, हलणे शक्यच नाही. तरी जिस्सोजी कॅमेरा तिथे रोखून धरतात आणि आपल्याला त्या रबरी चेहऱ्यात लाज दिसू लागते. टीबीएसमध्ये नोकरीला असलेले हे दिग्दर्शक तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते.

मला सर्वांत असह्य होते ते यानंतरचे. आगीला दाद न देणारा जमीला पाण्यापुढे मात्र हतबल आहे, म्हणून पथक कृत्रिम पाऊस पाडणारे अस्त्र वापरते, आणि परिषदेच्या इमारतीपर्यंत पोहोचलेल्या जमीलावर शेवटी अल्ट्रामॅन आपल्या हातांतून पाण्याचा झोत सोडतो. ज्या पाण्यासाठी त्या ओसाड ग्रहावर हा माणूस वर्षानुवर्षे तळमळला असेल, ते त्याला पृथ्वीवर परतल्यावर असे मिळते. जमीला चिखलात लोळतो, उठू पाहतो, पुन्हा घसरतो, आसपासचे राष्ट्रध्वज त्याच चिखलात पडतात, आणि त्याचे ओरडणे हळूहळू तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखे ऐकू येऊ लागते. मरणाऱ्याच्या मुखात पाण्याचे दोन थेंब घालावेत, ही आपल्याकडची रीत. ती मनात रुजलेल्या माणसाला हे दृश्य पाहणे फार जड जाते. एरवी अल्ट्रामॅनचा विजय पाहून मुले टाळ्या पिटत असतील, पण इथे जिस्सोजींनी विजयाला जागाच ठेवलेली नाही. मरणाला लागणारा वेळ त्यांनी कापून कमी केला नाही, आणि माझ्या मते या भागाचे सारे सामर्थ्य त्या न कापलेल्या काही क्षणांत आहे.

शेवटी जमीलाची समाधी उभारली जाते. तिच्यावर फ्रेंच भाषेत त्याचे नाव, १९६० आणि १९९३ ही साले आणि मानवजातीच्या व विज्ञानाच्या ध्येयासाठी देह वेचल्याचा गौरव कोरलेला आहे. इदे म्हणतो की बळी गेलेल्यांच्या बाबतीत नेहमी असेच होते, शब्द तेवढे सुंदर असतात. मला इदेचे म्हणणे पूर्णपणे पटते. तिथे जन्माचे साल आहे, मृत्यूचे साल आहे, पण त्याला कोणी पाठवले, कोणी टाकून दिले आणि कोणी मारले, यातले एक अक्षरही नाही. जिवंतपणी ज्याला नाव नाकारले, त्याला आता कोणाचीच अडचण होणार नाही म्हटल्यावर ते परत दिले गेले.

ही कथा रचली गेली तेव्हा व्हॅलेंटिन बोंदारेन्कोचे नाव जगाला ठाऊक नव्हते. सोव्हिएत अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीतला हा २४ वर्षांचा तरुण मार्च १९६१ मध्ये, गागारिनच्या उड्डाणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, प्राणवायूने भरलेल्या सराव-कक्षात लागलेल्या आगीत भाजून मरण पावला, आणि सोव्हिएत वृत्तपत्रांतून त्याची हकिगत बाहेर यायला १९८६ साल उजाडावे लागले. सासाकींना हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्यांनी फक्त त्या चढाओढीचा स्वभाव ओळखला होता. भाग दाखवला गेल्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, २७ जानेवारी १९६७ रोजी, अपोलो १ च्या कक्षात जमिनीवरच तीन अमेरिकी अंतराळवीर जळून गेले, आणि त्याच वर्षी २४ एप्रिलला सोयूझ १ मधून परतताना व्लादिमीर कोमारोव्हचा अंत झाला. त्या मृत्यूंची निदान जाहीर नोंद तरी झाली.

जपानमध्ये अनेक पिढ्यांच्या मुलांनी सदऱ्याची कॉलर डोक्यावर ओढून जमीलाची नक्कल केली आहे. मला त्यात अनादर वाटत नाही. ज्याला एक अनामिक प्राणी म्हणून पुसून टाकण्याचा हुकूम होता, त्याचे नाव घेऊन मुले खेळतात, हे मला त्या समाधीलेखापेक्षा खरे स्मारक वाटते.

अल्ट्रामॅनने त्याला का मारले, दुसरा मार्ग का शोधला नाही, हा प्रश्न मात्र सुटत नाही, आणि या भागात त्याचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे. पण याच लेखक-दिग्दर्शकांनी बारा आठवड्यांनी, १२ मार्च १९६७ रोजी दाखवलेल्या पस्तिसाव्या भागात, पथकाला आपण मारलेल्या प्राण्यांसाठी श्राद्धविधी करायला लावला, आणि घरी परतण्यासाठी व्याकूळ झालेल्या सीबोझू नावाच्या प्राण्याला अल्ट्रामॅनने न मारता अवकाशात परत धाडले. त्या दोघांनी जमीलाचा विचार करूनच तो भाग लिहिला, असा माझा समज आहे. उद्या तो भाग याच दृष्टीने पाहणार आहे, विशेषतः श्राद्धाच्या प्रसंगात इदेच्या वाट्याला नेमके काय दिले आहे ते.