आधी तंबू, मग कुंड

अमेरिका-कॅनडाच्या रोड ट्रिपमधे गरम पाण्याचे झरे घ्यायचे म्हटलं की माणूस आधी फोटो बघतो, मग मॅपवर पिन टाकतो आणि बरोब्बर शनिवारी दुपारी दोनला तिथे जाऊन उभा राहतो. मीही हेच केलंय, एकदा नाही तीनदा. एका डबक्यात अकरा माणसं, त्यातल्या एकाचा स्पीकर ठणाणा वाजतोय, पाण्यावर सनस्क्रीनचा तवंग, आणि आपण खांद्यावर टॉवेल टाकून कोण उठतंय त्याची वाट बघत काठावर ताटकळत. तिसऱ्या वेळेला बायको म्हणाली, "आपण हे सुट्टी म्हणून करतोय ना?" तेव्हापासून नियमच केला, कुंड निवडायचं नाही, कॅम्पग्राउंड निवडायचं. जिथून पायात चप्पल सरकवून चालत कुंडावर जाता येईल तिथेच तंबू ठोकायचा. कारण कुंडाची खरी मजा सकाळी सहा-सातला असते, हवा गार, पाण्यावर वाफ, माणूस नाही, आणि ती वेळ तिथे झोपलेल्यालाच मिळते, दोन तास गाडी चालवून येणाऱ्याला नाही.

या नियमावर सगळ्यात फिट बसतं ते आयडाहोमधलं कर्कहॅम. बॉइझीहून स्टॅनलीकडे हायवे २१ जातो, वाटेत लोमन नावाचं इवलंसं गाव लागतं, तिथून पुढे थोड्याच अंतरावर. बॉइझी नॅशनल फॉरेस्टचं छोटंसं कॅम्पग्राउंड आहे, जेमतेम पंधरा-सोळा जागा, आणि खाली साउथ फोर्क पेएट नदी. कड्यातूनच गरम पाणी फुटतं, दगडांवरून धारा खाली येतात आणि नदीकाठच्या खळग्यांमधे साचतात. पाणी कडकडीत असतं, पण बाजूलाच बर्फाळ नदी, त्यामुळे सगळा खेळ दगडांचा आहे. पायाने एक दगड सरकवला की नदीचं पाणी आत, परत लावला की बंद. मी अर्धा तास नुसता हाच उद्योग करत बसलो होतो, डावा पाय भाजतोय आणि उजवा गारठलाय अशा अवस्थेत, शेवटी एक चपटा दगड असा काही बसला की पाणी एकदम जमलं, आणि तेवढ्यात पोरगी आली आणि "बाबा हा मस्त आहे" म्हणून तोच दगड उचलून नदीत फेकला.

पहिल्यांदा मात्र आम्ही मे अखेरीला गेलो होतो आणि कुंडं सापडेचनात! बर्फ वितळून नदी फुगलेली, सगळे खळगे गढूळ पाण्याखाली. चूक आमचीच, कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. नदीकाठची कुंडं बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबर धरा, पाणी उतरलेलं असतं.

आयडाहोत एवढे झरे कसे, तिथे तर धुमसता ज्वालामुखी कुठे दिसत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. तर ज्वालामुखी लागतोच असं नाही. पावसाचं, बर्फाचं पाणी भेगांमधून खोल झिरपतं, आणि जमिनीखाली साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढत जातं, म्हणजे दोन-तीन किलोमीटर खाली गेलेलं पाणी आपोआप तापतं. मग एखादी मोठी भेग मिळाली की थंड व्हायच्या आत झपकन वर येतं. आयडाहोचा मधला भाग म्हणजे ग्रॅनाइटचा प्रचंड ठोकळा आणि तो जागोजागी तडकलेला, झालं काम.

आता लिआर्ड. हे खूप लांब आहे, आधीच सांगतो, ब्रिटिश कोलंबियाच्या पार उत्तरेला, अलास्का हायवेवर, फोर्ट नेल्सन आणि वॉटसन लेकच्या मधे. फक्त यासाठी कुणी जाणार नाही, पण अलास्काला गाडीने निघालात आणि इथे न थांबता पुढे गेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. दिवसभर तोच रस्ता, तीच झाडं, मधेच रस्त्याच्या कडेला रानगव्यांसारखे बायसन निवांत चरतायत, आणि मग हे प्रोव्हिन्शियल पार्क. कॅम्पग्राउंडमधून लाकडी फळ्यांची वाट निघते, दलदलीवरून, सातशे मीटरच्या आसपास. ती दलदलही कोमट, हिवाळ्यात गोठत नाही, त्यामुळे एवढ्या उत्तरेला न शोभणारी हिरवळ, ऑर्किडसुद्धा. फळ्यांची पहिली वाट १९४२ मधे हायवे बांधायला आलेल्या अमेरिकन सैनिकांनी घातली, दिवसभर चिखल उपसून लोक इथे येऊन पडत असणार, त्यांचा हेवा वाटतो.

कुंड मोठं आहे, तळाला खडी, चहूबाजूंनी जंगल. पाणी ४२ ते ५२ अंशांच्या मधलं. ५२ म्हणजे थट्टा नाही! उगमाकडच्या टोकाला सगळ्यात गरम आणि जसजसं लांब जावं तसं सोसवतं. तिथे लोकांचं एक गंमतशीर वागणं दिसतं, नवीन आलेला माणूस जोशात उगमाकडे जातो, दोन मिनिटात टोमॅटोसारखा लाल होऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने हळूहळू मागे सरकत येतो. मीही सरकलो. जूनमधे रात्री दहालाही लख्ख उजेड असतो तिथे, त्यामुळे झोपायची वेळ झाली हे शरीराला कळतच नाही. आणि हो, अस्वलं. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडभोवती विजेचं कुंपण असतं ते शोभेचं नाही, १९९७ मधे इथे अस्वलाच्या हल्ल्यात दोघांचा जीव गेलाय. खाण्याचं, टूथपेस्टचं, वासाचं काहीही तंबूत ठेवायचं नाही.

टेक्सासचं बिग बेंड नॅशनल पार्क या यादीत थोडी पळवाट काढून घातलंय, कारण कुंड आणि कॅम्पग्राउंड शेजारी नाहीत. रिओ ग्रँड व्हिलेज कॅम्पग्राउंडजवळच्या डॅनियल्स रँचपासून कड्यावरून तीन मैलांची पायवाट आहे. कुंड म्हणजे जे. ओ. लँगफर्ड नावाच्या माणसाने बांधलेल्या जुन्या स्नानगृहाचा उरलेला चौथरा, तो १९०९ मधे इथे राहायला आला होता. पाणी १०५ फॅरनहाइट, म्हणजे चाळीसच्या थोडं वर, आणि दगडी भिंतीच्या पलीकडे हातभर अंतरावर नदी, नदीपलीकडे मेक्सिको. नदी चढली की कुंड बुडतं. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, वाळवंट आहे ते, तीन मैल चालून गेल्यावर गरम पाण्यात कोण उतरणार? डिसेंबर-जानेवारीत सकाळी अंधारात टॉर्च लावून निघालो तेव्हा डोक्यावर तारे इतके की पोरगी सारखी ठेचकाळत होती, वर बघून चालत होती म्हणून.

आता दिसतं तिथे उतरायचं नाही हेही लिहायला हवं. यलोस्टोनची ती निळी-केशरी कुंडं बघायचीच आहेत, त्यात पाय घालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कडेचा पापुद्रा कधी तुटेल सांगता येत नाही. तिथली बॉइलिंग रिव्हर नावाची पोहायची जागा २०२२ च्या पुरानंतर बंद झाली, जुने ब्लॉग वाचून लोक अजून शोधत असतात. कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळचं हॉट क्रीकही तसंच, २००६ मधे मधूनच उकळतं पाणी उसळायला लागलं, तेव्हापासून पोहणं बंद, काठावरून बघा. आणि कुठल्याही नैसर्गिक कुंडात डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, क्वचित होतं पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. पोरीला हे सांगितल्यावर ती दोन दिवस मान ताठ करून बगळ्यासारखी बसली होती.

सामानात फार काही नको. जुना पोहण्याचा ड्रेस घ्या, नवा नको, गंधकाचा वास धुतल्यावरही जात नाही. पाण्यातही चालतील अशा चपला, दगड शेवाळलेले असतात. प्यायचं पाणी भरपूर, कारण गरम पाण्यात बसून घाम येतोय हे कळतच नाही आणि उठल्यावर गरगरतं. साबण-शाम्पू अजिबात नाही, ते पाणी तसंच नदीत जातं. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, त्यातून किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, तिथेच घ्या. बुकिंगचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंड्सचं सहा महिने आधी उघडतं आणि शनिवार-रविवार भराभर संपतात. मंगळवार-बुधवार बघा, रजा टाकावी लागते पण कुंड आपलं असतं.

आम्हाला सप्टेंबरातले असेच दोन दिवस कर्कहॅमला मिळालेत. साइट नदीच्या बाजूची नाही, रस्त्याकडची आहे, रात्री ट्रक ऐकू येणार. पण कुंडांकडे उतरायच्या पायऱ्या जवळ आहेत. पोरीला आत्ताच सांगून ठेवलंय की चपटा दगड माझा.