खंड

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही. आज पणजोबांचा मळा बघून आले. दुपारचं एक वाक्य डोक्यातून जात नाही, आणि वाक्य तरी काय, कौतुकाचंच. "तुमच्या लोकांनी खंड कधी थकवला नाही, ताई. आमचे आजोबा सांगायचे." चहाचा कप पुढे करता करता म्हणाला तिथला मालक. खंड म्हणजे रान कसायला घेतल्याचं भाडं. मी हसले. त्यावर बोलणार काय?

जन्मभर ऐकलं ते थोरल्या तात्यांचा चाळीस एकरांचा मळा. पणजोबांनी सासवडहून बैलगाडीत संसार घातला आणि प्रवरेच्या पाटावर येऊन सोनं पिकवलं. लग्न असो की तेरावं, चार जण टेकले की मळा निघायचाच. मळा कुणाचा, हे विचारायचा प्रश्नच नव्हता. आजही तिथल्या एसटी थांब्यावर 'सासवडकरांचा मळा' म्हटलं की लोक बरोबर बोट दाखवतात. मला तेवढ्यानेच भरून आलं होतं सकाळी. आता आठवून लाज वाटते.

कागद तर गेल्याच महिन्यात हातात आले होते. मोडीवाल्या काकांनी पेन्सिल एकेका अक्षराखालून नेत वाचून दाखवलं. भोगवटदार, म्हणजे कागदोपत्री मालक म्हणून भलतंच आडनाव. तात्या सापडले ते थेट पलीकडे, 'जमीन करणाराचे नाव' या रकान्यात. पुढे 'रा. सासवड'. आणि क्षेत्र अकरा एकर सात गुंठे. मी म्हटलं, हा एक तुकडा असेल, बाकीचे एकोणतीस दुसऱ्या सर्व्हे नंबरात असतील. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. सासवडला कऱ्हेकाठी जमीन कमी आणि खाणारी तोंडं जास्त. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला तसे सासवडचे माळी बारामतीकडे सरकले. पाणी अति झालं, जमिनी चोपण, खारवट व्हायला लागल्या, मग पुढे गोदावरीच्या नि प्रवरेच्या पाटांवर. भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं. इथल्या मालकांकडे रान होतं, पण हात बसलेला बाजरीवर. उसाला पेंड, खत, मजूर, वर्षभर अडकणारा पैसा लागतो. तो लावायची तयारी आणि उसाची विद्या आलेल्यांकडे. म्हणून रान खंडाने घ्यायचं, गुऱ्हाळ लावायचं. रावबहादूर बोरावके याच लाटेतले, श्रीरामपूरच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. माळीनगरला तर सासवडच्या माळ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. आमच्या तात्यांनी काय काढलं? वेळेवर खंड.

मग इतकं का लागलं? त्या माणसाने हिणवलं नाही. उलट त्याच्या घरात तीन पिढ्या आमचं नाव चांगल्या अर्थाने निघतंय. आमच्या घरात त्याच्या आजोबांचं नाव एकदाही निघालं नाही. हेच का खुपतंय? की चाळीस एकरांचं? दादाने वाटणीच्या वेळी जे केलं तेव्हाही मी 'मळेवाल्यांची नात' म्हणूनच ताठ उभी राहिले होते... जाऊ दे, ते आज नको.

एक मात्र त्याने दाखवलं. गोठ्यामागे एक काहील, उसाचा रस आटवायची मोठी कढई, पडलेली, काठ चेपलेला, आत म्हशीसाठी पाणी. "ही तुमचीच," म्हणाला, "न्यायची तर न्या." मी बोट फिरवलं. आतून खरखरीत, तळाला ठिगळाचे रिवेट. चुलवण बुजवून तिथे आता ट्रॅक्टर उभा असतो. काहील कुठे नेणार मी? दुसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत?

परत येताना गाडीत मनात एक वकील जागा झाला. तात्यांनी मळा सोडला 1950 च्या आत. टिकले असते तर 1 एप्रिल 1957 ला कूळ म्हणून मालक झाले असते की! घरी येऊन कूळकायदा उघडला. कलम 43अ: उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनीला ती कलमं लागूच नाहीत. म्हणजे बाजरी पेरली असती तर रान आपलं झालं असतं. इथे मात्र मी एकटीच मोठ्याने हसले. हे बघायला आले आतून.

हसू आलं तसं बरंही वाटलं. मीसुद्धा पुण्यात बावीस वर्षं भाड्याने काढली. पाच तारीख कधी चुकवली नाही. दोन घरमालकांनी सोडताना 'तुमच्यासारखे भाडेकरू मिळत नाहीत' म्हटलं होतं, आणि मी ते माहेरी फोन करून सांगितलंही होतं. घराण्याचा गुण म्हणायचा.

अण्णांना काय सांगायचं हे ठरवत होते तोवर त्यांचाच फोन. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दहानंतर जागे.

"दिसला का मळा?"

"दिसला. ऊस उभा आहे."

कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. चारीला पाणी होतं का विचारलं. होतं म्हटलं.

"लागण होती का खोडवा?"

ऊस नवा लावलेला की तोडणीनंतर फुटलेला, ते काही मी बघितलं नव्हतं.