आई, ग्रेव्हन म्हणजे काय गं?

२०२५ ची घटस्थापना झाली, नंदादीप लागलाय, आणि सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एच-वन-बी व्हिसाच्या एक लाख डॉलर फीवरून रान पेटलंय. त्याबद्दल बरेच जण लिहितील, मी आज दुसऱ्याच गोष्टीवर लिहिणार आहे. दोन आठवडे झाले त्या गोष्टीला, तेव्हाच लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता कागदावर.

लेक इथे टेक्सासमध्ये पाचवीत आहे. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात शाळेतून आली, डबा सिंकमध्ये टाकला आणि विचारलं, "आई, ग्रेव्हन म्हणजे काय गं?" मला वाटलं हिस्टरीच्या धड्यात ग्रेव्ह, म्हणजे थडगं वगैरे काही आलं असेल. तर म्हणाली, वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं नवीन पोस्टर लागलंय, व्हाइटबोर्डच्या बाजूला, आधी तिथे अपूर्णांकांचा तक्ता होता. आणि मग तिने पाठ म्हणून दाखवलं, कारण दिवसभर नजरेसमोर तेच. मी तुझा देव आहे, माझ्याशिवाय दुसरे देव तुला नसावेत, आणि त्याच्या पुढचीच ओळ, तू कोरीव मूर्ती करू नकोस. ग्रेव्हन इमेजेस.

ग्रेव्हन म्हणजे कोरलेली, घडवलेली मूर्ती, असं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. यंदाचा आमचा बाप्पा तिनेच केला होता, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यशाळेत, शाडूच्या मातीचा, सोंड जरा उजवीकडे झुकलेली आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, पण दीड दिवसाऐवजी तिच्या हट्टामुळे पूर्ण दहा दिवस बसवला. मग हळूच म्हणाली, "पण मी कोरला नाही ना, मी मातीने केला, मग चालतं का?"

दहा वर्षांची पोर आपल्या बाप्पासाठी पळवाट शोधत होती. मला त्या क्षणी जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. "चालतं, सगळंच चालतं" असं म्हणून मी आत गेले आणि बराच वेळ उगाच भांडी घासत बसले.

तर हा टेक्सासचा सिनेट बिल १० नावाचा कायदा. २०२५ च्या जूनमध्ये गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी सही केली, १ सप्टेंबरपासून लागू. प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचं पोस्टर, निदान १६ बाय २० इंच, खोलीत कुठूनही वाचता येईल अशा अक्षरात, आणि शब्द कुठले हेसुद्धा कायद्यातच लिहून दिलेत, त्यात काना-मात्रेचा बदल चालणार नाही. ते शब्द प्रोटेस्टंट वळणाचे आहेत, ज्यू आणि कॅथलिक लोकांची दहा आज्ञांची मोजणीच वेगळी आहे, म्हणजे त्यांचाही विचार केलेला नाही. कुणी पोस्टर दान दिलं तर शाळेने लावायचंच. १९८० साली सुप्रीम कोर्टाने केंटकीचा असाच कायदा रद्द केला होता, तरी २०२४ मध्ये लुइझियानाने केला आणि मग आमच्या टेक्सासने. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सॅन अँटोनियोच्या फेडरल न्यायाधीशांनी ११ शाळा-जिल्ह्यांपुरती (एका शाळा बोर्डाखालच्या सगळ्या सरकारी शाळा म्हणजे एक शाळा-जिल्हा) स्थगिती दिली, त्यात आमच्या शेजारचं, डॅलसजवळचं प्लेनो होतं. दावा करणाऱ्यांत ज्यू, ख्रिस्ती, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारी अशी सगळी कुटुंबं आहेत. आमचा जिल्हा त्या अकरात नव्हता, आणि अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी बाकीच्यांना कायदा पाळायला बजावलं. म्हणजे दहा मिनिटं गाडी चालवून गेलं की त्या वर्गात पोस्टर नव्हतं, आमच्या पोरांच्या डोक्यावर होतं.

मी इथे अकरा वर्षं राहतेय आणि "अमेरिका म्हणजे काय, सगळं मोकळं" असं समजून चालले होते. हे पोस्टर आभाळातून पडलं नाही, हे मी आता शोधून शोधून वाचलं. १९७९ मध्ये व्हर्जिनियाच्या जेरी फॉलवेल या पाद्रींनी मॉरल मेजॉरिटी ही ख्रिस्ती राजकीय संघटना काढली, आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये इथेच, डॅलसच्या रियुनियन अरीनात, हजारो पाद्री आणि त्यांच्या अनुयायांसमोर तेव्हाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रोनाल्ड रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहितीये, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. तेव्हापासून ही माणसं एकही निवडणूक सोडत नाहीत. डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे रॉबर्ट जेफ्रेस ट्रम्प यांच्या पहिल्यापासूनच्या पाठीराख्यांपैकी, २०१८ मध्ये जेरुसलेममधल्या अमेरिकन दूतावासाच्या उद्घाटनाला सुरुवातीची प्रार्थना त्यांनीच केली. पश्चिम टेक्सासच्या मिडलंडमधले तेलवाले टिम डन स्वतः प्रवचनं देतात आणि रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, कोण निवडून यावं, कोण पडावं यासाठी वर्षानुवर्षं लाखो डॉलर ओततात.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते शाळा बोर्डाचं. डॅलसजवळच्या ग्रेपव्हाइनमध्ये पॅट्रियट मोबाइल नावाची एक मोबाइल कंपनी आहे, स्वतःला ख्रिश्चन कन्झर्व्हेटिव्ह म्हणवते. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या राजकीय शाखेने टॅरंट काउंटीतल्या चार शाळा-जिल्ह्यांत साधारण सहा लाख डॉलर लावले आणि ११ च्या ११ जागा आणल्या. शाळा बोर्डाची निवडणूक म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीइतकंच लक्ष असतं लोकांचं, कुणी मत द्यायला जात नाही, आणि ज्यांच्या चर्चमध्ये रविवारी सांगितलं जातं ते मात्र जातात. आपली माणसं? ज्यांना मत आहे अशी माझ्या ओळखीची पंधरा-वीस मराठी घरं आहेत, रेटिंग बघून, घराला लाखभर डॉलर जास्त मोजून ह्या शाळांसाठी इथे आलेली, त्यातल्या किती जणांनी मे महिन्यात मत दिलं विचारलं तर दोन. दोन! मला मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, ती रांग कधी संपेल देव जाणे, प्रॉपर्टी टॅक्स मात्र दरवर्षी भरतो आणि इथली शाळा त्याच टॅक्सवर चालते. २०२५ च्या मे मध्ये त्या चारांपैकी मॅन्सफिल्डच्या मतदारांनी त्याच गटाचे लोक पाडले, म्हणजे होऊ शकतं. फक्त जावं लागतं.

आता कुणीतरी विचारणारच, की आपल्याकडे काय वेगळं आहे? आमच्या मिरजेच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं, सरस्वतीचा फोटो कायम भिंतीवर. हो, होता. पण त्यासाठी कुणी विधानसभेत कायदा केला नव्हता, फोटोची इंच मोजून दिली नव्हती, आणि सरस्वती कुणाला म्हणत नाही की दुसरा देव मानू नकोस. हा फरक मला फार मोठा वाटतो. माझ्या शेजारी बाकावर एक ख्रिस्ती मैत्रीण बसायची, तीही आमच्याबरोबर हळदकुंकू वाहायची पाटीवर. तिला काय वाटत होतं, मी कधी विचारलं नाही. तिने कधी तक्रार केली नाही एवढं मात्र नक्की.

त्या मैत्रिणीची आई मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होती. मिरजेच्या माणसाला सांगायला नको, वॉनलेस हॉस्पिटल, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं. माझा जन्म तिथला, माझ्या धाकट्या काकांचं ऑपरेशन तिथलं, आजीचे शेवटचे दिवस तिथे गेले. नाताळात त्या मैत्रिणीच्या घरी गेलं की पेटी-टाळावर मराठी भजनं चालायची आणि ताटात करंज्या. अमेरिकन ख्रिस्ती माणूस म्हणजे काय, हे माझ्या मनात लहानपणी असं बसलं, की हा सातासमुद्रापलीकडून येतो आणि अनोळखी माणसाच्या जखमा धुतो. इथे येताना मी तेच मनात घेऊन आले होते.

आणि तसं माणूस मला इथे भेटलंही. शेजारच्या आजी पंचाहत्तरीच्या, पक्क्या बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ), त्यांच्या चर्चचं पार्किंग आमच्या मिरजेच्या एसटी स्टँडपेक्षा मोठं. २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फाने टेक्सासभर लाखो घरांची लाइट गेली तेव्हा घरात थर्मामीटर सात डिग्रीवर आलं होतं, त्यांनी दार वाजवलं आणि आम्हाला उचलून घरी नेलं. फायरप्लेससमोर दोन रात्री आम्ही त्यांच्या गाद्यांवर झोपलो. रात्री त्यांनी हात जोडून प्रार्थना केली, आमच्या घरासाठीही केली, आणि मग माझ्या लेकीला म्हणाल्या, आता तुझी म्हण. तिने शुभंकरोति म्हटलं, त्या डोळे मिटून ऐकत होत्या. ह्या वर्षीही गणपतीला आल्या, चपला बाहेर काढल्या, तीन मोदक खाल्ले, लेकीने केलेली मूर्ती हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली.

म्हणून पोस्टरचं कळल्यावर मी त्यांच्याकडेच गेले. सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, चांगलंच आहे की, खून करू नका, चोरी करू नका, आईवडिलांचा मान ठेवा, पोरांना कुणी सांगायला नको का? मी म्हटलं, ते सांगा ना, पण मूर्तीच्या ओळीचं काय, माझ्या पोरीने केलेली मूर्ती तुम्ही हातात घेतली होतीत. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिला ते लागलं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण पोस्टर चुकीचं आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचं मत त्यांनी बदललं नाही आणि मी माझं बदललं नाही, चहा मात्र दोघींनी पूर्ण प्यायला.

त्यांच्यासारखीला डोक्यातच येत नाही, पण सगळ्यांचं तसं नाही. परवाच टेक्सासमधून अमेरिकेच्या सिनेटसाठी रिपब्लिकन उमेदवारीत उतरलेल्या अलेक्झांडर डंकन यांनी शुगर लँडच्या ९० फुटी हनुमानाचा व्हिडिओ टाकून लिहिलं, की खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती आपण टेक्सासमध्ये का चालू देतोय, आपण ख्रिश्चन राष्ट्र आहोत. आणि खाली बायबलचं वचन कुठलं दिलं? तेच, मूर्ती करू नकोस. भिंतीवरची ओळ वर्गातच राहते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं.

ह्याच देशात १८०२ मध्ये थॉमस जेफरसन यांनी धर्म आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीची गोष्ट लिहिली ती कनेक्टिकटच्या डॅनबरी गावच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात. तेव्हा ते तिथे अल्पसंख्य होते, दुसऱ्या पंथाच्या राज्यात दबून राहणारे. ही भिंत त्यांना हवी होती. आजींना मी हे सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

अजून एक कायदा आलाय, सिनेट बिल ११. १ मार्च २०२६ च्या आत प्रत्येक शाळा बोर्डाने मत घ्यायचं, की शाळेत प्रार्थना आणि धर्मग्रंथ वाचनासाठी रोज वेळ ठेवायचा का. पोस्टरचा निर्णय बोर्डाच्या हातात नव्हता, हा आहे. नागरिक नसले तरी पालक म्हणून बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलता येतं, आधी नाव नोंदवायचं, तीन मिनिटं मिळतात. पुढच्या मीटिंगसाठी मी नाव नोंदवलंय. नवरा म्हणाला, व्हिसावर असताना कशाला? मलाही भीती वाटतेच, खोटं कशाला सांगू. पण नाव मागे घेतलेलं नाही.

काल रात्री लेक झोपल्यावर भाषण लिहायला बसले. आधी कायदा, मग केंटकीचा खटला, मग जेफरसन असं सगळं कोंबलं आणि मोठ्याने वाचून बघितलं तर सात मिनिटं झाली. सगळं खोडलं. आता पहिलं वाक्य मिरजेच्या हॉस्पिटलचं ठेवलंय, त्यानंतर शाडूच्या गणपतीचं.