अण्णांची नावं आणि समोरचा टीव्ही

सांगलीत हळदीच्या मार्केट यार्डापासून पाच मिनिटांवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या फोनांच्या फटीतून हळद निघते. थट्टा नव्हे, ब्रश मारला की टेबलावरचा कागद पिवळा होतो.

२०१८ च्या मे महिन्यातला रविवार. यार्ड बंद, म्हणून एक अडते मुलाला घेऊन निवांत आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हातात नोकिया ६६१०, आणि फुगलेल्या बॅटरीमुळे मागचं झाकण बसत नाही म्हणून त्याला रबर बांधलेलं. मुलानं त्यांना नवा फोन घेऊन दिला होता, पण अण्णा काही त्याला हात लावत नव्हते.

"नावं हिकडं आल्याबिगर त्यो फोन माझ्या काय कामाचा?"

सिमवर कॉपी करून देतो म्हटलं, तर अण्णांनी एक नाव उघडून दाखवलं. एका शेतकऱ्याखाली तीन नंबर आणि खाली टीप : बेडग, उचल १५ हजार. सिममध्ये एका नावाला एकच नंबर मावतो, टीप तर नाहीच. म्हणजे सिमवर टाकलं असतं तर अण्णांची निम्मी उधारी उडाली असती. हातानं टाईप करायचं तर दोनशेच्या वर नावं. डेटा केबल लावायची ती खालची पॉप-पोर्टची खाच हळद आणि घामानं हिरवी पडलेली. ब्लूटूथ या मॉडेलला नाहीच. उरलं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातून माहिती पाठवायची सोय.

पोरगं लगेच पुढं झालं. "काका, माझ्या शाओमीला इन्फ्रारेड हाय की. समोर धरतो, घ्या डायरेक्ट."

हा गैरसमज मी अनेकदा ऐकलाय, आणि त्यात पोराचा दोष नाही. नाव एकच, धंदे दोन. त्याच्या फोनच्या वरच्या कडेला जो काळा ठिपका आहे तो नुसता रिमोटचा दिवा. टीव्हीचं बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकत एक सांकेतिक आकडा फेकतो आणि गप्प बसतो. पलीकडं पोचलं की नाही, त्याला पत्ता नसतो. त्याला तोंड आहे, कान नाहीत. नोकियाच्या काळ्या खिडकीमागं मात्र दिव्याशेजारी प्रकाश टिपणारा डायोडही असतो. इर्डा नावाची एक संघटना १९९३ मध्ये निघाली, तिनं ठरवलेल्या पद्धतीनं दोन यंत्रं आधी एकमेकांची विचारपूस करतात, वेग ठरवतात आणि मग प्रत्येक तुकड्याची पोच देत बोलतात. जुन्या फोनांत वेग सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट. आजच्या मानानं बैलगाडी, पण नावनंबरांना पुष्कळ.

माझ्याकडं फ्लॅशिंगसाठी, म्हणजे फोनात सॉफ्टवेअर नव्यानं भरायला, ठेवलेला एक जुना लॅपटॉप आहे, विंडोज एक्सपीवाला, कडेला तशीच काळी खिडकी असलेला. तो काढला. आधी बॅटरीचं बघायचं होतं. पॉवर सप्लायच्या चिमट्यांनी नुसतं प्लस-मायनस दिलं तर हा फोन नीट चालू होत नाही, मधल्या पिनेवर त्याला बॅटरीची ओळख लागते. म्हणून फुगलेला सेल सोडवून टाकला, त्याच्या डोक्यावरची नखाएवढी सर्किटची पट्टी जपून ठेवली आणि सप्लाय तिच्यामार्फत दिला. फोन उठला. अण्णांनी नकळत हात जोडले.

फोनचं इन्फ्रारेड चालू केलं आणि पोराच्या सेल्फी कॅमेऱ्यातून त्या खिडकीकडं बघायला लावलं. डोळ्याला काही दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र फिकट जांभळी ठिणगी लुकलुकते. "आईशप्पथ," पोरगं म्हणालं आणि मग आपल्या फोनचा दिवाही वडिलांच्या नव्या फोनमधून बघायची धडपड करू लागलं.

वीतभर अंतर, खिडकीसमोर खिडकी. एक्सपीच्या कोपऱ्यात खूण आली, फोनवर इन्फ्रारेडचं चिन्ह स्थिर झालं. नोकियाच्या पीसी सुट या सॉफ्टवेअरनं नावं ओढायला सुरुवात केली आणि चाळिसाव्या नावाच्या आसपास अण्णांनी कौतुकानं वाकून मधे डोकं घातलं. तुटलं.

दुसऱ्यांदा दुपारचं ऊन शटरखालून थेट टेबलावर आलं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्या झगझगाटात बिचाऱ्या दिव्याचं कोण ऐकणार? चपलांच्या खोक्याचा तळ कापून ते दोघांवर पालथं घातलं. तिसऱ्यांदा गाडी सुरळीत निघाली, शंभराच्या पुढं गेली, आणि थांबली. चिन्ह पुन्हा लुकलुकायला लागलं. ऊन नाही, डोकं नाही. सप्लाय बघितला, वायरी हलवल्या, खोकं सरळ केलं. चौथ्यांदाही तेच.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या हॉटेलात एकदम आरडाओरडा झाला. आयपीएलची मॅच चालू होती आणि ऐन ओव्हरमध्ये टीव्हीचा आवाज कुणीतरी गिळल्यासारखा गेला. मालक रिमोट हातावर आपटत होता. मी मागं वळलो. आमचं पोरगं माझ्या खुर्चीमागं उभं, फोन हॉटेलच्या दिशेनं रोखलेला, अंगठा आवाज कमी करायच्या बटणावर गच्च दाबलेला. आणि त्याच्या आणि त्या टीव्हीच्या बरोबर मधे, उघड्या तळाचं खोकं त्याच्याकडं वासून बसलेला माझा लॅपटॉप.

त्याच्यामुळंच तुटत होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. रिमोटच्या दिव्याची तरंगलांबी ९४० नॅनोमीटरच्या आसपास, इर्डाची ८५० ते ९००, पण ऐकणारा डायोड इतका काटेकोर नसतो. शेजारी कुणी ताशा बडवत असेल तर हळू आवाजातली बोलणी कशी चालायची? एवढंच खरं, की अण्णांनी पोराचा फोन काढून घेऊन बंडीच्या खिशात घातला आणि पाचव्या खेपेला २४३ नावं टिपांसकट, एका दमात आली.

ती नव्या फोनमध्ये चढवून दिली. अण्णांनी सगळी तपासली नाहीत. एकच शोधलं, बेडगचं. टीप वाचली, मान हलवली आणि तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. "हां, मीच. न्हाय, पैशाचं न्हाय. हळद वाळली का, ते इचारतोय."

ते गेल्यावर अर्ध्या तासानं हॉटेलवाला रिमोट घेऊन आला. सेल बदलून झाले होते, तरी टीव्ही मधेच वेडा होतोय म्हणाला. मी रिमोट सेल्फी कॅमेऱ्यापुढं धरून बटण दाबलं. दिवा स्वच्छ पेटत होता.

"ठणठणीत आहे," म्हटलं, आणि चहा सांगितला.